ब्लॅक होलने तारा गिळला म्हणता, मग ती चमक आली कुठून?



मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला मावसबहिणीचा मेसेज आला. ती यंदा बारावीला आहे. सोबत एक रील होतं. मोरीत पाणी जावं तसा एक पिवळा तारा गरगरत काळ्या गोळ्यात शिरतो, मागे धडकी भरवणारं म्युझिक, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: "ब्लॅक होलने तारा गिळला! आता सूर्याची पाळी?"

मला वाटलं, पोरगी घाबरली असणार. पण तिचा प्रश्न वेगळाच होता. "दादा, ब्लॅक होलमधून प्रकाशसुद्धा बाहेर येत नाही ना? मग तारा आत गेल्यावर चमक दिसली कशी?"

मी उत्तर टाइप करायला लागलो आणि मध्येच थांबलो. कारण दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच एका पोस्टमध्ये ठोकून दिलं होतं की ब्लॅक होल व्हॅक्यूम क्लीनरसारखं सगळं ओढून घेतं. ते जर खरं असेल, तर हिच्या प्रश्नाला उत्तरच नाही. म्हणजे गडबड माझ्या वाक्यात होती. तेव्हा आजचा लेख हा तिला दिलेलं उत्तर आहे, आणि माझी चूकदुरुस्तीही. चला तर मग, सुरुवातीपासून बघूया.

आधी एका ओळीत उत्तर

ती चमक ब्लॅक होलच्या आतून येतच नाही. ती येते बाहेर फाटलेल्या ताऱ्यातून. तारा गिळला गेला म्हणून नाही, तर गिळला जाण्याआधी त्याच्या चिंध्या झाल्या म्हणून आपल्याला काहीतरी दिसतं. या घटनेला शास्त्रज्ञ 'टायडल डिसरप्शन इव्हेंट' म्हणतात, थोडक्यात टीडीई. यातल्या 'टायडल' शब्दाचा संबंध थेट समुद्राच्या भरती-ओहोटीशी आहे. तिकडे येतोच.

ब्लॅक होल व्हॅक्यूम क्लीनर नाही

समजा, आत्ता या क्षणी सूर्याच्या जागी नेमक्या सूर्याच्याच वस्तुमानाचं ब्लॅक होल आणून ठेवलं. पृथ्वीचं काय होईल? अंधार होईल, थंडी पडेल, हे खरं. पण पृथ्वी आत ओढली जाणार नाही. आत्ता फिरते तशीच, त्याच कक्षेत, वर्षाला एक फेरी मारत राहील. गुरुत्वाकर्षण वस्तुमानावर आणि अंतरावर ठरतं. समोरची वस्तू काळी आहे की चमकती, याने फरक पडत नाही.

आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागीही एक महाकाय ब्लॅक होल म्हणजे कृष्णविवर आहे, 'सॅजिटेरियस ए स्टार'. सूर्याच्या सुमारे ४० लाख पट जड. त्याच्याभोवती एस२ नावाचा तारा दर १६ वर्षांनी एक फेरी मारतो. २०१८ मध्ये तो त्याच्या सगळ्यात जवळून गेला. तेव्हा अंतर होतं साधारण १,८०० कोटी किलोमीटर आणि वेग सेकंदाला सात हजार किलोमीटरच्या वर. काय झालं? काही नाही. वळसा घालून गेला आपल्या वाटेने. अशा ताऱ्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवणाऱ्या रेनहार्ड गेंझेल आणि आंद्रेया गेझ यांना २०२० च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

म्हणजे ब्लॅक होलच्या आसपास असणं धोक्याचं नाही. फार जवळ जाणं धोक्याचं आहे. पण 'फार जवळ' म्हणजे किती?

तारा फाटतो कशाने?

आता भरती-ओहोटी आठवा. चंद्र पाणी ओढतो म्हणून भरती येते, असं आपण शाळेत शिकलो. पण मग भरती दिवसातून साधारण दोनदा का येते? कारण खरी गंमत ओढण्यात नाही, ओढण्यातल्या फरकात आहे. पृथ्वीची चंद्राकडची बाजू चंद्राला जवळ, म्हणून तिथे ओढ जास्त. पलीकडची बाजू लांब, म्हणून तिथे ओढ कमी. या फरकामुळे पृथ्वीवरचं पाणी दोन्ही बाजूंना थोडं ताणलं जातं.

दोन मित्र हातात हात धरून पळतायत असं समजा. पुढच्याला कुणीतरी जोरात खेचलं, मागच्याला हळू. दोघेही पुढेच चाललेत, पण हात सुटायची वेळ येते.

ताऱ्याचं तेच होतं. सूर्यासारखा तारा जवळपास १४ लाख किलोमीटर रुंद असतो. तो महाकाय ब्लॅक होलच्या जवळ गेला की त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूंवरच्या ओढीत प्रचंड फरक पडतो. ताऱ्याचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण त्याला गोळा करून धरायचा प्रयत्न करतं. एका अंतराच्या आत गेलं की ते हरतं, आणि तारा लांबच लांब ताणला जातो. शास्त्रज्ञांनी याला 'स्पॅगेटीफिकेशन' असं नाव दिलंय. आपण शेवया म्हणू. पिठाचा गोळा साच्यातून जातो आणि लांब शेवया होऊन बाहेर येतो, तसा.

आता हे अंतर बघा. ब्लॅक होल सूर्याच्या १० लाख पट जड असेल, तर सूर्यासारखा तारा त्याच्यापासून सुमारे ७ कोटी किलोमीटरवरच फाटतो. आणि ज्या सीमेच्या आत गेलं की प्रकाशही परत येत नाही, ती सीमा आहे केंद्रापासून फक्त ३० लाख किलोमीटरवर. म्हणजे तारा 'परत न येण्याच्या' रेषेच्या वीसपटीहून जास्त लांब असतानाच फाटतो! रीलमधला अख्खा गोळा मोरीत जाण्याचा सीन इथेच खोटा ठरतो.

अर्धा तारा पळून जातो

मला स्वतःला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते या भागाचं. तारा फाटल्यावर त्याचं सगळं साहित्य ब्लॅक होलच्या ताब्यात जात नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ मार्टिन रीस यांनी १९८८ मध्ये गणित मांडून दाखवलं की साधारण अर्धा भाग इतक्या वेगात असतो की तो अवकाशात कायमचा निसटून जातो. उरलेला अर्धा लांबट कक्षांमध्ये अडकतो आणि फिरून परत येतो.

पण तो एकदम येत नाही. घट्ट अडकलेला भाग आधी येतो, सैल अडकलेला मागून येत राहतो. १० लाख सूर्यांच्या ब्लॅक होलसाठी गणित सांगतं की पहिला हप्ता साधारण ४० दिवसांनी परतायला लागतो. मग हप्ते कमी कमी होत जातात. फाटल्यापासूनचा वेळ दुप्पट झाला की परत येणारं साहित्य जवळपास एक तृतीयांशावर येतं. म्हणूनच ही चमक फटाक्यासारखी क्षणात संपत नाही. काही आठवड्यांत चढते आणि मग महिनोन्‌महिने उतरत राहते.

मग प्रकाश नेमका कुठून?

परत आलेल्या शेवया एकमेकींवर आदळतात, गुंडाळल्या जातात आणि ब्लॅक होलभोवती वायूची एक फिरती चकती तयार होते. चकतीचा आतला भाग जोरात फिरतो, बाहेरचा हळू. दोन्ही एकमेकांना घासतात. थंडीत आपण हातावर हात घासतो ना, तेच. फक्त इथे वेग सेकंदाला हजारो किलोमीटरचा असतो, त्यामुळे तापमान लाखो अंशांपर्यंत जातं. इतकी तापलेली वस्तू नुसती लाल होत नाही, ती अतिनील किरण आणि एक्स-रे सोडते.

आणि ऊर्जा किती? सूर्याच्या पोटात हायड्रोजन जळून हेलियम होतं, तेव्हा वस्तुमानाच्या एक टक्क्याहूनही कमी भागाची ऊर्जा होते. ब्लॅक होलकडे घसरत जाणाऱ्या साहित्यातून साधारण १० टक्के निघू शकते. म्हणून एकट्या फाटलेल्या ताऱ्याची चमक अब्जावधी सूर्यांच्या बरोबरीने दिसते.

मावसबहिणीच्या प्रश्नाचं उत्तर इथे पूर्ण झालं. प्रकाश रेषेच्या बाहेर तयार होतो. ब्लॅक होल स्वतः काळंच राहतं.

एक खरी घटना: एटी २०१९ क्यूआयझेड

नाव बघून वायफायचा पासवर्ड वाटतो, पण त्यात अर्थ आहे. एटी म्हणजे आकाशात अचानक दिसलेली नवी गोष्ट. २०१९ हे वर्ष. आणि पुढची अक्षरं म्हणजे चक्क एक्सेलच्या कॉलमसारखा नंबर. झेडनंतर एए, एबी, असं करत पुढे. तसं मोजलं तर क्यूआयझेड म्हणजे त्या वर्षीची ११,७५२ वी नोंद!

ही चमक सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटीने पकडली. तिचा कॅमेरा ६० कोटी पिक्सेलचा आहे. तुमच्या ५० मेगापिक्सेलच्या फोनच्या बारापट. एका फोटोत पौर्णिमेचे दोनशेहून जास्त चंद्र मावतील एवढं आकाश येतं. कॅमेरा आकाशाचा तोच भाग पुन्हा पुन्हा टिपतो, आणि कॉम्प्युटर नव्या फोटोतून जुना फोटो वजा करतो. जे बदललं नाही ते पुसलं जातं. जे उरतं, ते नवीन. गॅलरीतले दोन सारखे फोटो एकमेकांवर ठेवून फरक शोधावा तसं.

पृथ्वीपासून अंतर सुमारे २१ कोटी प्रकाशवर्षं. म्हणजे तो तारा फाटला तेव्हा पृथ्वीवर डायनासोर नुकते कुठे स्थिरावत होते. आपण बघितलं ते २१ कोटी वर्षं जुनं 'लाइव्ह'.

इतर टीडीईंच्या मानाने ही घटना जवळची, त्यामुळे चिलीतल्या युरोपियन वेधशाळेसह अनेक दुर्बिणी तिच्याकडे वळल्या आणि सहा महिने बघत राहिल्या. ब्रिटनच्या मॅट निकोल यांच्या गटाने २०२० मध्ये निष्कर्ष सांगितले. तारा साधारण सूर्याएवढा होता. त्यातलं जवळपास अर्धं वस्तुमान ब्लॅक होलकडे गेलं. आणि काही साहित्य सेकंदाला १० हजार किलोमीटरपर्यंतच्या वेगाने बाहेर फेकलं गेलं. हा धुराळाच अनेकदा आतलं दृश्य झाकतो. या वेळी दुर्बिणी लवकर पोचल्या म्हणून पडदा तयार होताना बघता आला.

आणि मग, चार वर्षांनी

सगळ्यांना वाटलं, विषय संपला. २०२३ मध्ये नासाच्या चंद्रा एक्स-रे दुर्बिणीने त्या जागी पुन्हा नजर टाकली. चार-पाच तासांच्या अंतराने तीन वेळा निरीक्षण झालं. पहिल्यात आणि तिसऱ्यात जेमतेम काही दिसलं. मधल्यात मात्र जोरदार एक्स-रे!

मग अंतराळ स्थानकावरच्या नायसर या उपकरणाने त्या जागेवर वारंवार लक्ष ठेवलं, आणि कळलं की दर ४८ तासांच्या आसपास तिथे एक्स-रेचा भडका उडतोय. जणू अलार्म लावलाय. सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण असं: फाटलेल्या ताऱ्याच्या साहित्याची चकती पसरत पसरत बाहेर गेली. तिथे आधीपासून दुसरी एक वस्तू, एखादा तारा किंवा छोटं ब्लॅक होल, शांतपणे फेऱ्या मारत होती. आता तिच्या वाटेत ही चकती आली. प्रत्येक फेरीत ती चकतीला भोसकून जाते आणि भडका उडतो. म्हणजे मेलेल्या ताऱ्याच्या राखेमुळे आपल्याला त्याच्या शेजाऱ्याचा पत्ता लागला.

या शोधाला ज्यांनी पक्कं केलं त्यात आपला ॲस्ट्रोसॅट आहे. इस्रोने २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोटाहून सोडलेला हा उपग्रह पाच वर्षं चालावा असं ठरलं होतं, तो त्यानंतरही काम करत राहिला. त्यातली सौम्य एक्स-रे दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने बनली, आणि २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या या शोधनिबंधाच्या लेखकांत पुण्याच्या आयुकाचे शास्त्रज्ञही आहेत.

भारतीय सहभागाचं आणखी एक उदाहरण. काही मोजक्याच टीडीईंमध्ये ब्लॅक होल साहित्याचा झोत जवळपास प्रकाशाच्या वेगाने बाहेर फेकतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये असा एक झोत थेट आपल्या दिशेने आलेला दिसला, तब्बल ८५० कोटी प्रकाशवर्षांवरून. त्याच्या निरीक्षणात लडाखमधल्या हानले इथली ग्रोथ-इंडिया दुर्बीण होती, जिच्यामागे आयआयटी मुंबई आहे. आणि नारायणगावजवळची जीएमआरटी रेडिओ दुर्बीणही होती. पुणे-नाशिक रस्त्याने गेलात तर तिच्या तबकड्या दिसतील.

ब्लॅक होल जास्त मोठं असेल तर?

वाटेल, मोठं ब्लॅक होल म्हणजे मोठी चमक. उलटं आहे. सूर्याच्या १० कोटी पट जड ब्लॅक होल घ्या. सूर्यासारखा तारा त्याच्यापासून सुमारे ३२ कोटी किलोमीटरवर फाटायला हवा. पण 'परत न येण्याची' रेषाच ३० कोटी किलोमीटरवर आलेली असते. याहून जड ब्लॅक होल असेल तर तारा फाटण्याआधीच रेषा ओलांडतो. अख्खा, गुपचूप. ना चमक, ना बातमी. जॅक हिल्स यांनी १९७५ मध्येच ही मर्यादा दाखवली होती.

गंमत बघा. ज्या ताऱ्याला ब्लॅक होल खरोखर 'गिळतं', तो आपल्याला दिसतच नाही. जो दिसतो, तो नीट गिळला गेलेला नसतो.

पण याचा उपयोग काय?

बहुतेक मोठ्या गॅलेक्सींच्या मध्यभागी महाकाय ब्लॅक होल असतं. पण त्यातली बरीचशी उपाशी, झोपलेली असतात. आसपास खायला काही नाही, म्हणून उजेड नाही, आणि लांबून ती आहेत की नाहीत हेही कळत नाही. एका गॅलेक्सीत तारा फाटण्याची घटना साधारण १० हजार ते एक लाख वर्षांतून एकदा होते. तेवढ्या काही महिन्यांसाठी तो ब्लॅक होल उजेडात येतो, त्याचं वजन मोजता येतं, तो किती वेगाने स्वतःभोवती फिरतो याचा अंदाज लावता येतो. मग परत अंधार.

म्हणून लाखो गॅलेक्सींवर एकाच वेळी नजर ठेवावी लागते. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपले पहिले फोटो दाखवले. तिचा कॅमेरा ३,२०० मेगापिक्सेलचा आहे आणि तिथला मुख्य सर्व्हे दहा वर्षांचा आहे. आजवर मोजके सापडलेले टीडीई त्यातून हजारोंनी सापडतील, अशी अपेक्षा आहे.

सूर्याची पाळी येणार का?

नाही. आपल्या आकाशगंगेतलं महाकाय ब्लॅक होल आपल्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे. सूर्याला फाटायला त्याच्या ११ कोटी किलोमीटर इतक्या जवळ जावं लागेल. सूर्य तिकडे चाललेलाच नाही, तो केंद्राभोवती सावकाश मोठी प्रदक्षिणा घालतोय. टीडीईत सापडतात ते केंद्राजवळच्या दाटीतले तारे. गर्दीच्या लोकलमध्ये कुणाचा तरी धक्का लागून माणूस भलत्याच दिशेला ढकलला जातो, तसे ते शेजारच्या ताऱ्यांच्या ओढीने भलत्या वाटेला लागतात.

असं रील आलं तर काय बघायचं?

१. व्हिडिओ खरा आहे की काढलेलं चित्र? फाटणाऱ्या ताऱ्याचा जवळून काढलेला फोटो आजवर कुणाकडेच नाही. दुर्बिणीला दिसतो तो दूरच्या गॅलेक्सीच्या मधोमध उजळलेला एक ठिपका. बाकी सगळं चित्रकाराने किंवा कॉम्प्युटरने बनवलेलं.

२. घटनेचं नाव आणि अंतर दिलंय का? खऱ्या बातमीत 'एटी' आणि वर्ष असलेलं नाव किंवा शोधणाऱ्या सर्व्हेचं नाव बहुतेक वेळा असतं. ते सर्च करा.

३. 'गिळला', 'ओढून घेतला' असे शब्द दिसले तर स्वतःला विचारा: मग प्रकाश कुठून आला?

तिसरा प्रश्न माझा नाही, मावसबहिणीचा आहे. हे सगळं मी तिला व्हॉइस नोटवर सांगितलं, सहा मिनिटांची झाली. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं: "म्हणजे अर्धा तारा वाचतो?" वाचतो म्हणता येणार नाही, तारा म्हणून तो संपलेलाच असतो. पण त्याचा अर्धा वायू ब्लॅक होलच्या हाती कधीच लागत नाही, तो अवकाशात दूर दूर जात राहतो.

माझी ती जुनी पोस्ट मी डिलीट केलेली नाही. वर दुरुस्ती लिहिली आहे आणि खाली चूक तशीच ठेवली आहे. तुमच्या ग्रुपवर ते मोरीवालं रील फिरत असेल, तर हा लेख तिथे टाका. आणि असाच एखादा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर कळवा. पुढच्या लेखाचा विषय तिथूनच येईल.